हे तुला कसं कळलं?

प्राथमिक शाळेत मुलं काय शिकतात असं विचारलं तर बहुतेक जण विषयांची नावं सांगतील. आमच्या वर्गाच्या भिंतीवरचं वेळापत्रकही तेच सांगतं: मराठी, गणित, परिसर, तेलुगू, इंग्रजी. बेला मंडलातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवता शिकवता माझं स्वतःचं उत्तर मात्र बदलत गेलं. पहिली ते पाचवी या वर्षांत मूल सगळ्या विषयांमधून मिळून एक सवय लावून घेत असतं, असं आता मला वाटतं. आपल्याला जे कळलं ते कशावरून कळलं, हे समोरच्याला पटेल असं सांगायची सवय. ती लागली की पुढचे विषय मूल आपल्या बळावर शिकतं. ती नसेल तर पाढे, कविता, व्याख्या तोंडपाठ असूनही सातवी-आठवीत गाडं अडतं. म्हणून मी तास कुठलाही असो, एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते: हे तुला कसं कळलं?

बेला आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर आहे. आदिलाबादहून जैनथवरून येणारा रस्ता बेल्यातून पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्याकडे जातो. उत्तरेला पैनगंगा, आणि नदी ओलांडली की महाराष्ट्र. हैदराबाद संस्थानात असताना राजुरा आणि किनवट हे तालुकेही आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले, बेल्याचा भाग आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. सरकारं बदलली, चुलीजवळची भाषा बदलली नाही. आमची मुलं ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ म्हणतात, शेताला वावर म्हणतात, कापसाच्या झाडाला पऱ्हाटी. काही घरांत गोंडी आहे, काहींत कोलामी. बाजारात हिंदी आणि तेलुगू, कचेरीत तेलुगू, मोबाइलवर सगळंच.

ज्या १९५६ साली या भागाची वाटणी झाली, त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५०क हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करून देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असं तो सांगतो. तेलंगण सरकारच्या शाळेत मराठीतून गणित शिकणारं बेल्याचं मूल हे त्या तरतुदीचं चालतंबोलतं रूप आहे. शिकवताना मला ही जाणीव असते, आणि तिचा मला अभिमान वाटतो.

ज्या सवयीबद्दल मी बोलते आहे ती कशी लागते, हे कापसाच्या फुलापासून सांगते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पेरण्या चालू असतात आणि ऑगस्ट लागला की पऱ्हाटीला पात्या, म्हणजे कळ्या, धरून फुलं दिसू लागतात. परिसराच्या तासाला झाडांचे भाग शिकवताना चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, ‘मॅडम, आमच्या वावरात एकाच झाडाले दोन रंगाचे फुलं हाय. पांढरे अन् गुलाबी.’ निम्म्या वर्गाने मान डोलावली. ही गोष्ट त्यांना जन्मापासून ठाऊक होती. मी विचारलं, ‘एकाच झाडाला दोन प्रकारची फुलं येतात, हे कसं कळलं?’ ‘दिसते ना!’ दिसतं हे खरं होतं. पण जे दिसतं त्याचा अर्थ तोच आहे का, हे पाहायचं बाकी होतं.

कसं पाहायचं, हे मुलांनीच ठरवलं. दुसऱ्या दिवशी उमलेल अशा कळीच्या देठाला लाल दोरा बांधायचा आणि रोज सकाळी शाळेत येताना ते एकच फूल बघायचं. दोरा सैल बांधायचा, झाडाला इजा करायची नाही, पाती गळली तर दुसरी धरायची आणि तसं वहीत लिहायचं. फूल उमललं त्या सकाळी ते मळकट पांढरं होतं. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी. मग ते मिटलं, सुकलं, आणि त्याच्या जागी हिरवं बारीक बोंड दिसू लागलं. ज्या मुलीने सुरुवात केली होती तिने वर्गाला येऊन सांगितलं, ‘फुलं दोन नाही, दिवस दोन हाय.’

त्या एका वाक्यात किती विषय आले! दोरा बांधण्यात परिसर आला. रोज पांढरी किती आणि गुलाबी किती हे मोजून तक्ता करण्यात गणित आलं. काय दिसलं आणि मला काय वाटलं, ही दोन वाक्यं वेगळी लिहिण्यात मराठी आली. मळकट पांढरा रंग डबीत नसतो, तो मिसळून करावा लागतो, म्हणजे चित्रकला आली. तेलुगूच्या तासाला ‘पत्ति’ हा शब्द फळ्यावर आला तेव्हा त्याच्या भोवती सांगायला मुलांजवळ पुष्कळ काही होतं. घरी हा सगळा प्रकार सांगितल्यावर काही आज्यांनी सीतादहीची आठवण काढली. आमच्या भागात पहिली वेचणी दहीभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय सुरू करत नाहीत. तो कसा दाखवतात, का दाखवतात, हे मुलं विचारून आली आणि त्यावर निबंध झाले. ते निबंध कुठल्याही मार्गदर्शकातून उतरवता येण्यासारखे नव्हते.

गणितातही मी हाच प्रश्न धरून असते. वेचणीच्या दिवसांत मजुरी किलोवर ठरते, त्यामुळे आमच्या तिसरीच्या मुलांना गुणाकाराचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. पण कापूस, रुई आणि सरकी यांचा हिशेब त्यांनाही नवा असतो. आम्ही थोडा कापूस आणून हाताने सरकी काढतो आणि कापूस, रुई, सरकी असं तिन्ही किराणा दुकानातल्या काट्यावर तोलून आणतो. रुई वजनाला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास भरते, बाकीची सरकी. मुलं चक्रावतात, कारण ढीग पाहिला तर रुईचाच मोठा असतो. एक तृतीयांश हा अपूर्णांक त्या दिवसानंतर पुन्हा शिकवावा लागत नाही. ‘रुई हलकी कशावरून?’ असं विचारलं की मुलं काट्याकडे बोट दाखवतात, आणि मग आकारमान आणि वजन यांतला फरक शब्दांत मांडायला धडपडतात. त्या धडपडीत मी मध्ये पडत नाही. शब्द सापडायला वेळ लागतो आणि तो द्यावा लागतो.

दुपारच्या जेवणाचा हिशेबही आम्ही वर्गातच करतो. प्राथमिक शाळेत मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य हे मध्यान्ह भोजनाचं प्रमाण आहे. आज हजर ३८ असतील तर तांदूळ ३ किलो ८०० ग्रॅम, म्हणजे ३.८ किलो. दशांश चिन्ह मुलांना प्रथम भेटतं ते या तांदळात. हजेरी घेणारं मूल आकडा मोठ्याने सांगतं, दुसरं गुणाकार करतं, तिसरं पडताळतं. चुकीचा आकडा निघाला तर वर्गच हटकतो, ‘तीनशे ऐंशी किलो? गाव जेवन त्याच्यात!’ उत्तराचा अंदाज आधी घेणं आणि आलेलं उत्तर त्या अंदाजाशी ताडून पाहणं, हे गणितातलं मोठं शहाणपण मुलांना स्वयंपाकघराच्या दारात मिळतं.

संख्यावाचन ही मात्र मराठी मुलांची जुनी अडचण आहे. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो, वीस मागून, आणि दुसरीतलं मूल ऐकल्याप्रमाणे ५२ लिहून मोकळं होतं. ‘एकोणतीस’मध्ये तर तिसाचा उच्चार होतो आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा वाचनाचाही पर्याय दिला तेव्हा विधानसभेपर्यंत वाद गेला होता. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर तेव्हा मुलांची हीच अडचण समजावून सांगत होत्या. आमच्याकडे या अडचणीवर शेजारच्या तासातच उपाय आहे. तेलुगूत पंचवीसला ‘इरवै ऐदु’ म्हणतात, आधी वीस, मग पाच. एकोणतीसला ‘इरवै तोम्मिदि’, वीस आणि नऊ. बाजारात हे शब्द मुलांच्या कानावर पडलेलेच असतात. मी दुसरीच्या मुलांना वाळलेल्या पऱ्हाटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायला लावते आणि तीच संख्या दोन्ही भाषांत म्हणायला सांगते. दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर असल्या की मूल मराठीत पाच आधी उच्चारतं, तरी लिहिताना दोन आधी लिहितं. ‘कसं कळलं?’ म्हटलं की गठ्ठे दाखवतं. एका भाषेने घातलेली गाठ दुसरी भाषा सोडवते, हे इथल्या शाळेचं भाग्य आहे.

तेलुगूबद्दल पालकांच्या मनात धास्ती असते. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातल्या सगळ्या शाळांमध्ये तेलुगू हा विषय टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. मुलाला देवनागरी, रोमन आणि तेलुगू अशा तीन लिप्या शिकाव्या लागतात, हे ओझं नाही का, असं मला विचारतात. लिप्या तीन असल्या तरी देवनागरी आणि तेलुगू यांची मांडणी एकच आहे. अ आ इ ई, क ख ग घ, तोच क्रम, तीच कंठापासून ओठांपर्यंतची वाट. आपली बाराखडी तिथे ‘गुणिंतालु’ होते. वेगळं काय, तर तेलुगूत ए आणि ओ या स्वरांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन-दोन रूपं असतात. ज्या मुलाला मराठीची बाराखडी समजून आली आहे, त्याला तेलुगूत अक्षरांची वळणं तेवढी शिकायची असतात, रचना शिकावी लागत नाही. ज्याने ती नुसती घोकली आहे त्याला दुसऱ्यांदा घोकावी लागते. म्हणून तेलुगू लवकर यावी असं वाटत असेल तर पहिलीतल्या मराठीवर वेळ घालवा, असं मी पालकांना सांगते.

मराठीच्या तासाला हा प्रश्न सगळ्यात बारीक होतो. गोष्ट वाचून झाली की मी विचारते, राजाला राग आला होता का? सगळे ‘हो’ म्हणतात. कसं कळलं? पुस्तकात तर ‘राग’ हा शब्दच नाही! मग पानं उलटली जातात. कुणीतरी म्हणतं, ‘त्यानं ताट सरकवलं अन् न जेवता उठला.’ न लिहिलेलं वाचायला मूल शिकलं ते त्या क्षणी. दोरा बांधून फुलाचं पाहिलं, तसंच ताटावरून राजाचं ओळखलं. २०२२ मध्ये राज्यात ‘तोलिमेट्टु’ हा पायाभूत वाचन-गणिताचा कार्यक्रम सुरू झाला आणि कोणतं मूल कुठल्या पातळीवर आहे हे नोंदवण्याची शिस्त आली, हे चांगलंच झालं. शब्द वाचता येतात का, हे तक्त्यात भरता येतं. वाचलेलं कळलं का, हे मात्र शेजारी बसून विचारल्याशिवाय समजत नाही, आणि त्यासाठी वर्गात शिक्षकाला मोकळा वेळ लागतो.

नकाशाचा तास माझ्या आवडीचा. पुस्तकात तेलंगणाचा नकाशा पैनगंगेच्या रेघेशी संपतो आणि पलीकडे कोरा कागद. पण आमच्या मुलांचे मामा पलीकडे, मावश्या पलीकडे, पोळ्याला पाहुणे पलीकडून येतात. म्हणून मी त्यांना मोठ्या कागदावर नदी मधोमध काढायला सांगते आणि दोन्ही काठांवर आपली माणसं कुठे राहतात ते भरायला लावते. कोरपना, गडचांदूर, वणी, पांढरकवडा अशी नावं येतात. मग आम्ही नदीच्या मागे लागतो. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगवलेली पैनगंगा वढ्याजवळ वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन प्राणहिता होते, आणि प्राणहिता काळेश्वरजवळ गोदावरीत जाते. मराठी मुलखातलं पाणी तेलुगू मुलखातून समुद्राकडे चाललेलं असतं. याच नदीवर चनाखा-कोरटा इथे दोन राज्यांच्या कराराने बंधारा झाला, हेही मुलं ऐकून असतात.

एकदा मी विचारलं, नदी कोणत्या बाजूला वाहते? सगळ्यांनी बरोबर हात केला. पण पात्रात पाणी नसलं, डबकीच उरली, तर कसं सांगाल? नदीकाठच्या गावातला एक मुलगा म्हणाला, ‘पुराच्या पाण्यानं गवत वाकलेलं असते, ते जिकडे वाकते तिकडे. अन् झुडपाले कचरा ज्या अंगानं अडकला तिकडून पाणी आलं.’ त्या मुलाला लेखी परीक्षेत फारसे गुण मिळत नसत. त्या दिवशी सगळा वर्ग त्याच्याकडे वळून पाहत होता. पुराचा अनुभव त्याच्याकडे होताच, पुराव्याच्या रूपात तो कधी कुणी मागितला नव्हता.

गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर मागणं आणखी जरुरीचं होतं. मराठी शाळा ही त्यांच्यासाठी दुसऱ्या भाषेची शाळा असते. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मार्लवाई इथे गोंड शिक्षक घडवण्याचं केंद्र निघालं होतं आणि गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत तयार झाली होती. सेतुमाधवराव पगडी इथे अधिकारी होते तेव्हा गोंडी आणि कोलामी शिकले, त्या भाषांविषयी त्यांनी लिहिलं. आपल्या आधी इतक्या मोठ्या माणसांनी मुलाची भाषा आधी शिकून घेतली, ही आठवण मला वर्गात उपयोगी पडते. दुसरीत गप्प बसणाऱ्या एका मुलीने मोहाच्या झाडाचा धडा चालू असताना गोंडीत काहीतरी पुटपुटलं. शेजारणीने मराठीत सांगितलं, ‘ती म्हणते, फुलं पहाटेच येचा लागते.’ का? पुन्हा गोंडी, पुन्हा मराठी: फुलं रात्री-पहाटे गळतात, उजाडल्यावर गाई-शेळ्या खाऊन टाकतात. कारण आलं, तेही पहिल्यांदा वर्गात तोंड उघडताना. कारण सांगायला मुलाला आपली भाषा लागते. नुसता होकार मूल कुठल्याही भाषेत देतं.

म्हणूनच इंग्रजी माध्यमाच्या प्रश्नावर मी ठाम आहे. २०२२-२३ पासून तेलंगणातल्या सरकारी शाळांमध्ये इंग्रजी माध्यम आलं, आणि आमच्या गावांतही पिवळ्या बसगाड्या खासगी शाळांची मुलं गोळा करत फिरतात. पालक मला मनापासून विचारतात, ‘मॅडम, मराठीत शिकून पोरगं पुढं काय करन?’ त्यांची चिंता खोटी नाही. सहावीनंतर जवळ मराठी शाळा असेल का, कॉलेज कुठे, नोकरी कुठल्या राज्यात, हे प्रश्न सीमेवरच्या घरात रोजचे आहेत. मी इंग्रजीला विरोध करत नाही, आम्ही इंग्रजी पहिलीपासून शिकवतोच. मी एवढंच म्हणते की दहा वर्षांचं होईपर्यंत मुलाला ‘का’ आणि ‘कशावरून’ याचं उत्तर अडखळल्याशिवाय देता आलं पाहिजे, आणि ते उत्तर आधी घरच्या भाषेत येतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवा म्हणतो, २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे तसं करा म्हणतं. आमच्या वर्गात त्या वाक्यांचा अर्थ रोज दिसतो.

कधीकधी तो वर्गाबाहेरही दिसतो. पाचवीतला एक मुलगा वडिलांबरोबर कापूस विकायला गेला होता. वजन झालं आणि ओल आहे म्हणून काही किलो कापले गेले. पोराने विचारलं, ‘ओल किती हाय, हे कसं समजलं?’ वडील आधी गप्प बसवायला गेले, मग तेही थांबले. शाळेत येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा आम्ही तो तास ओलाव्यालाच दिला. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव मिळतो, त्याच्या वर गेला की भाव कमी होतो आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेत नाहीत. टक्का म्हणजे शंभरातला हिस्सा, तो यंत्राने मोजतात, आणि यंत्रावरचा आकडा पाहायला मागणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे. गणित, परिसर आणि नागरिकशास्त्र यांची सीमा त्या तासात कुठे होती, मला सांगता येणार नाही. तो प्रश्न त्या मुलाने मराठीत विचारला. उद्या तो तेलुगूत विचारेल, पुढे इंग्रजीतही.

महाराष्ट्रातल्या वाचकांना सीमेपलीकडच्या मराठी शाळांबद्दल जिव्हाळा असतो, पण तो बहुधा नकाशावरच्या वादापुरता. जिवती तालुक्यातल्या ज्या गावांवर दोन्ही राज्यं हक्क सांगतात, तिथे दोन्ही राज्यांच्या शाळा एकाच गावात चालतात, याच्या बातम्या होतात. आमच्यासारख्या शाळांना बातमीपेक्षा मराठी गोष्टींची पुस्तकं हवी आहेत, मुलांच्या पत्रांना उत्तर देणारी पलीकडची एखादी शाळा हवी आहे, सहावीनंतर मराठी चालू ठेवता येईल अशी वाट हवी आहे. हे मागताना मला संकोच वाटत नाही, कारण ही मुलं जे शिकत आहेत त्याचा उपयोग दोन्ही काठांना आहे.

पाचवीचं वर्ष संपत आलं की आमच्याकडे एक तोंडी परीक्षा असते. प्रत्येक मुलाने आपल्याला ठाऊक असलेली कुठलीही एक गोष्ट दुसरीच्या वर्गासमोर सांगायची, मग त्यातलंच थोडं तेलुगूत आणि इंग्रजीत. दुसरीची मुलं फार कठोर परीक्षक असतात. ती ‘कसं कळलं?’ विचारून विचारून हैराण करतात, आणि पाचवीचं मूल दोरा, काटा, गठ्ठे, वाकलेलं गवत यांतलं काहीतरी पुढे करून पटवत राहतं. कधी एखादा प्रश्न असा येतो की मूल थांबतं, विचार करतं आणि म्हणतं, ‘मले हे माहीत नाही, पाहून सांगतो.’ त्या उत्तराला मी पूर्ण गुण देते. पुढे ते मूल कोणत्या माध्यमात बसेल, कोणत्या राज्यात शिकेल, हे माझ्या हातात नाही. पण ठाऊक नसलेलं पाहून सांगायची त्याची तयारी झालेली असते, आणि अशा मुलाच्या पुढच्या शिक्षणाबद्दल मी निर्धास्त असते.